रेंजरबाई निवृत्त झाल्या

पायवाट

मागच्या शनिवारी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात एका निवृत्तीच्या कार्यक्रमाला जाऊन आले. कार्यक्रम कसला, पाइनच्या झाडांखाली चार लाकडी बाकं, कागदी ताटल्या आणि चाळीसेक माणसं. त्यातली निम्मी वीस-पंचविशीची. यातले बरेचजण तिथल्या दरीत पहिल्यांदा आले ते शाळेच्या पिवळ्या बसमधून, आणि मग दिवसभर या बाईंच्या मागे मागे चालले.

बाई म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसमधल्या रेंजर. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. मी नऊ उन्हाळे त्यांच्या हाताखाली स्वयंसेवक होते, तेव्हा हे लिखाण तटस्थ वगैरे नाही, आधीच सांगते.

रेंजर म्हटलं की डोळ्यांसमोर घोड्यावरचा, गळ्यात दुर्बीण अडकवलेला एकटा माणूस येतो. मीही तेच डोक्यात घेऊन गेले होते. पहिल्या संध्याकाळी आम्ही काय केलं? अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वाहनतळावर फिरलो आणि एकेका गाडीच्या काचेतून आत डोकावलो. सीटखाली पडलेलं चिप्सचं पाकीट, टूथपेस्ट, बाळाचे ओले वाइप्स. वास येणारी कुठलीही वस्तू रात्री गाडीत ठेवायची नाही असा तिथला नियम आहे, ती लोखंडी पेटीत ठेवायची. काही दिसलं की गाडीवाल्याला शोधायचं, झोपेतून उठवायचं आणि त्याच्या शिव्या खायच्या. बाई म्हणाल्या, "अस्वलं सांभाळायची म्हणजे माणसं सांभाळायची. अस्वलाला काय कळायचं ते एकदाच कळतं."

१९९८ या एका वर्षात योसेमिटीत अस्वलांनी केलेल्या नासधुशीच्या दीड हजारांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या. अलीकडे हा आकडा त्याच्या दहाव्या हिश्शाच्याही खाली आलाय. अस्वलं तीच, जंगल तेच. बदललं ते एवढंच की लोखंडी पेट्या आल्या, दंड आले आणि रोज संध्याकाळी तंबूतंबूत जाऊन तेच ते सांगणारी माणसं आली.

बाई १९८९च्या जूनमध्ये हंगामी म्हणून लागल्या. हंगामी माणसाला वर्षाला १,०३९ तासांपर्यंतच काम मिळतं, म्हणजे जेमतेम सहा महिने. मग पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं. असे आठ उन्हाळे काढले त्यांनी. हिवाळ्यात कधी स्कीच्या लिफ्टवर माणसं बसवली, एक हिवाळा शाळेची बस चालवली. आणि तिथला नियम असा की १ जानेवारी १९८९पासून पुढची अशी तात्पुरती नोकरी निवृत्तिवेतनात धरतच नाहीत. त्यामुळे बाईंची ३६ वर्षं कागदावर २८च भरतात.

कायम झाल्या त्या १९९७च्या महापुरानंतर. त्या जानेवारीत साठलेल्या बर्फावर उबदार पाऊस कोसळला, मर्सेड नदी फुगली आणि दरी अडीच महिने बंद राहिली. कितीतरी तंबूतळ वाहून गेले, त्यातले काही पुन्हा उभारलेच नाहीत. पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवणाऱ्या पाट्या तिथे आजही आहेत. बाई मुलांना त्या पाटीशी उभं करायच्या. पाटी मुलांच्या डोक्याच्या वर जायची. मग एकही शब्द न बोलता त्या नदीकडे बघत राहायच्या.

मुलांचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. मर्सेड, फ्रेस्नो या शहरांकडच्या शेतमजुरांची मुलं. स्वच्छ दिवशी शाळेच्या मैदानातून उद्यान ज्यात आहे तो सिएराचा डोंगर दिसतो, रस्ता दोन तासांचा, पण घरातलं कुणी तिकडे गेलेलं नाही. पहिली बस आली तेव्हा मुलं उतरेचनात. बाईंना आधी कळलं नाही. मग ड्रायव्हरने हळूच सांगितलं: हिरवी पँट, छातीवर बिल्ला, कमरेला पट्टा. मुलांना सीमेवरचे गस्तवाले वाटले. काही मुलांच्या घरी तो गणवेश दिसला की मागच्या दाराने निघायची पद्धत होती.

बाईंनी डोक्यावरची टोपी काढली. ती रुंद, ताठ कडांची, ऊन-पावसात मुळीच सोयीची नसलेली टोपी. बसच्या दारासमोर उलटी करून जमिनीवर ठेवली आणि म्हणाल्या, "आज जे जे सापडेल ते यात टाकायचं. जायच्या आधी एकेक वस्तू जिथली तिथे नेऊन ठेवायची." (उद्यानातून काहीही घरी न्यायला बंदी आहे, एक दगडसुद्धा नाही.) दिवसभर टोपीत काय काय जमलं, काळ्या ओकची बोंडं, पाइनचे शंकू, निळ्या 'जे' पक्ष्याचं पीस. आणि संध्याकाळी चाळीस मुलं कुठली वस्तू कुठून आणली होती यावर भांडत होती. बाई म्हणायच्या, माझा सगळा अभ्यासक्रम त्या भांडणात आहे.

बाकी आठवेल तसं लिहीन. तुमच्यापैकी कुणाचा अशा माणसांशी संबंध आलाय का?

निवडुंग

छान लिहिलंय. एक बाळबोध शंका. आपल्याकडे 'रेंजर' म्हणजे वनक्षेत्रपाल, चांगला मोठा हुद्दा. हाताखाली वनपाल, वनरक्षक. तिकडे मात्र माहिती देणारी मुलगीही रेंजर, पिस्तूलवालाही रेंजर आणि तिकीट फाडणाराही रेंजर. मग तुमच्या बाई नक्की कोण?

पायवाट

बाळबोध नाही, मलाही दोन वर्षं लागली कळायला. ढोबळ मानाने दोन जाती. एक कायद्याची अंमलबजावणी करणारे: शस्त्र, अटकेचा अधिकार आणि ५७व्या वर्षी सक्तीची निवृत्ती. दुसरे म्हणजे लोकांना उद्यानाचा अर्थ उलगडून सांगणारे. त्यांच्या खात्याला 'इंटरप्रिटेशन' म्हणतात. बाई दुसऱ्या जातीच्या, त्यामुळे साठी ओलांडली तरी टिकल्या. टोपी दोघांची सारखीच. म्हणून लोक गांजा ओढताना बाईंना बघून पळायचे, आणि वाट विचारायला पिस्तूलवाल्याकडे जायचे.

दगडफूल

यात आणखी एक गोंधळ असतो तो जमिनीचा. अमेरिकेत संघराज्याच्या मालकीची जमीन सुमारे ६४ कोटी एकर आहे, देशाच्या एक चतुर्थांशाहून जास्त. नेवाडा राज्यात तर जवळपास ८० टक्के. पण ती सगळी पार्क सर्व्हिसकडे नाही. सगळ्यात मोठा वाटा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, मग फॉरेस्ट सर्व्हिस, मग फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस. पार्क सर्व्हिस या चौघांत धाकटी. ब्युरोच्या जमिनीवर गुरं चरतात, खाणी चालतात. फॉरेस्ट सर्व्हिसच्या जंगलात लाकूडतोड होते. पार्क सर्व्हिसला मात्र १९१६च्या कायद्याने सांगितलंय की लोकांना आनंद घेऊ द्या, पण पुढच्या पिढ्यांसाठी काही बिघडू देऊ नका. एकाच वाक्यात दोन आज्ञा, आणि त्या रोज एकमेकींच्या आड येतात. रेंजरची नोकरी म्हणजे त्या दोन आज्ञांच्या मधल्या फटीत उभं राहणं.

मिनीव्हॅनवाला

अस्वलाचा विषय निघालाच आहे तर माझी कबुली. २००४, तिथलाच तंबूतळ. मागच्या सीटवर मुलाच्या कारसीटच्या खाचेत बिस्किटांचा चुरा होता. चुरा, बिस्किटं नव्हे. सकाळी बघतो तर मागचं दार वरच्या कडेपासून खाली सोललेलं, केळं सोलावं तसं. आत सीट उसवलेली आणि टपावर पंजाचा चिखल. मी रेंजरवर चिडलो, तर तो शांतपणे म्हणाला, "मिनीव्हॅन ना? त्यांना मिनीव्हॅन आवडते." मला वाटलं चेष्टा करतोय. पुढे कळलं की तिथल्या अस्वलांनी फोडलेल्या गाड्यांचा रीतसर अभ्यास झाला होता आणि मिनीव्हॅन खरोखर पहिल्या नंबरावर होती. लहान मुलं म्हणजे सांडलवंड, दुसरं काय.

दंड भरला. चूक माझीच होती.

कोरडा पाऊस

सगळं गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो. 'सगळ्यांची जमीन' हा शब्द तोंडात घेण्याआधी ती कोणाकडून घेतली तेही सांगा. १८५१ साली मरिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी या दरीत शिरली ती 'आवानीची' या इथल्या मूळच्या लोकांना हुसकायला. त्यांची गावं जाळली. पुढे उद्यान झाल्यावर जे थोडे उरले त्यांना एका वस्तीत ठेवलं, आणि १९६९मध्ये त्या वस्तीतली उरलेली घरं पार्क सर्व्हिसनेच आग विझवण्याच्या सरावात जाळून टाकली. मग शेतमजुरांच्या मुलांना 'हे तुमचंच आहे' म्हणून सांगणाऱ्या बाईंना हे ठाऊक होतं का?

पायवाट

तुमचा प्रश्न टोचला, आणि टोचायलाच हवा.

नाही, सुरुवातीची काही वर्षं त्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हाच्या प्रशिक्षणात हिमनद्या होत्या, ग्रॅनाइट होता, फुलं होती. माणसं नव्हतीच. एकदा एका कार्यक्रमानंतर एक म्हातारे गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "तुम्ही सांगितलं ते सगळं बरोबर आहे, फक्त माझी आजी त्यात कुठेच आली नाही." त्या रात्री बाईंनी आपलं भाषण फाडून टाकलं. हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय, आणि सांगताना आवाज नेहमीचा नव्हता.

त्यानंतर त्या मुलांना त्या जुन्या वस्तीच्या जागी नेऊ लागल्या. सदर्न सिएरा मिवोक लोकांनी तिथे गोलघर पुन्हा उभारायला घेतलं, त्याचा रीतसर करार २०१८ला झाला. तिथे बाई बोलायच्या नाहीत, तिथली माणसं बोलायची. 'हे तुमचंच आहे' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. त्या विचारायच्या, "हे कोणाचं?" आणि उत्तर न सांगता पुढे चालू लागायच्या. काही शिक्षक वैतागायचे.

टेकडीवरचा

मूळच्या लोकांचा मुद्दा आगीशीही जोडलेला आहे. ते लोक मुद्दाम लहान लहान आगी लावायचे. त्याने झुडपं कमी राहायची, काळे ओक मोकळे वाढायचे आणि बोंडं चांगली यायची. बोंडांचं पीठ हे त्यांचं मुख्य अन्न. ते गेले आणि आग हा शत्रू ठरला. १९३५ला फॉरेस्ट सर्व्हिसने नियम केला की आज दिसलेला वणवा उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलाच पाहिजे. अनेक दशकं अशी आग दाबून जंगलात इंधन साठत गेलं.

आणि सिकोया या महाकाय झाडाला तर आगीची गरजच असते. त्याचे शंकू अंड्याएवढे, वर्षानुवर्षं झाडावर मिटून राहतात. खालच्या आगीच्या उष्णतेने सुकून उघडतात आणि बी उघड्या राखेत पडतं. योसेमिटीत १९७०पासून ठरवून आग लावायला सुरुवात झाली. मी दोन वर्षं अशा पथकात होतो. आपण लावलेली आग गुडघ्याएवढ्या उंचीने सरकत जाताना बघणं हा विलक्षण शांत अनुभव असतो. २०१३चा 'रिम फायर' नावाचा वणवा मात्र शांत नव्हता. शेजारच्या राष्ट्रीय वनात कुणीतरी बेकायदा शेकोटी केली आणि अडीच लाखांहून जास्त एकर जळालं, त्यात योसेमिटीचाही मोठा तुकडा.

गोधडी

माझी लेक सोळाची आहे, जन्म इथलाच. गेल्या वर्षीपासून 'मी रेंजर होणार' हा घोष चालू आहे. @पायवाट, खरंखुरं सांगा. पोरीला प्रोत्साहन देऊ की सावध करू?

पायवाट

ताई, दोन्ही करा. पगार बेताचा, सुरुवातीला घर म्हणजे दोन-तीन जणांत एक खोली, आणि कायम होईल याची खात्री नाही. बाईंचं लग्न त्यातच मोडलं. नवऱ्याला दर सहा महिन्यांनी बिऱ्हाड हलवायचा कंटाळा आला. त्यात बाई त्याला दोष देत नाहीत.

पण सोळा हे वय अगदी योग्य आहे. यूथ कन्झर्व्हेशन कोअर ही उन्हाळी कामाची योजना १५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठीच आहे, १९७०पासून चालू. थोडा पगारही मिळतो. स्टुडंट कन्झर्व्हेशन असोसिएशन म्हणून एक संस्था आहे, तीही बघा. एलिझाबेथ कुशमन या विद्यार्थिनीने १९५५मध्ये आपल्या महाविद्यालयीन प्रबंधात ती कल्पना मांडली, आणि १९५७मध्ये पहिली तुकडी ग्रँड टिटन आणि ऑलिंपिक या उद्यानांत गेली. म्हणजे हे पोरीबाळींनीच सुरू केलेलं काम आहे.

एक गोष्ट मात्र तिला करून बघू दे, ती म्हणजे दोघांनी ओढायची करवत. योसेमिटीचा बहुतेक भाग १९८४पासून 'विल्डरनेस', म्हणजे अस्पर्श रान म्हणून राखीव आहे. १९६४च्या कायद्याने तिथे यंत्राची करवत सहसा वापरायची नाही. वाटेवर झाड पडलं की सहा फुटी करवत खांद्यावर टाकून चालत जायचं. पहिल्या दिवशी सगळी मुलं करवत ढकलतात. ढकलली की पातं वाकतं, अडकतं, समोरचा चिडतो. बाई एकच सांगायच्या, "ढकलायचं नाही. तू ओढ, मग सोड. तो ओढेल." एका सकाळी एक लठ्ठसा अबोल मुलगा आणि एक अखंड बडबडी मुलगी अशी जोडी होती. तासभर नुसती ओढाताण. मग कुठेतरी लय लागली, पात्याचा आवाज बदलला, आणि शेवयांसारखा लांब लांब भुसा पडू लागला. मुलगी चक्क गप्प झाली. खोड तुटल्यावर दोघं त्या भुशाकडेच बघत बसली.

सावली

मी शिक्षिका आहे, अशा सहली नेल्यात. म्हणून थोडं कडू विचारते. एका दिवसाच्या सहलीने नक्की काय होतं? मुलं घरी जातात, आणि सोमवारी सगळं पहिल्यासारखं. चौथीच्या मुलांना कुटुंबासह वर्षभर फुकट प्रवेश ही योजना २०१५ला आली, २०१९ला तिचा कायदा झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण प्रवेश फुकट असून उपयोग काय, बसचे पैसे कोण देणार? आमची सहल तीन वर्षं बसपायीच अडली.

पायवाट

बसबद्दल शंभर टक्के. बाई भाषणांना कधी पैसे मागत नसत, बसला मागत. गावोगावच्या मंडळांपुढे, चर्चपुढे हात पसरलेत त्यांनी. शाळेची बस चालवलेली असल्याने डिझेलचा हिशेब तोंडपाठ, त्यामुळे त्यांना कुणी गंडवू शकत नसे.

आणि एका दिवसाने काय होतं? बऱ्याचदा काहीच नाही. बाईंना स्वतःलाही यावर भ्रम नव्हता. एक मुलगा दिवसभर मोबाइलमध्ये मान घालून होता. एल कॅपिटनचा तीन हजार फुटी कडा समोर आणि हा खेळ खेळतोय. परतीच्या वेळी बाईंनी मुलांना नदीत हात बुडवायला लावला आणि विचारलं, हे पाणी कुठे जातं? कुणालाच माहीत नव्हतं. मग सांगितलं, ही मर्सेड नदी. खाली धरणात जाते, तिथून कालव्यात, तिथून तुमच्या घरचे ज्या बागांत काम करतात तिथल्या बदामांना. तो मुलगा मान वर न करता म्हणाला, "आमच्या बाबांच्या बुटांत असतं ते." बस्स, पुन्हा मोबाइल. त्याचं पुढे काय झालं कुणाला माहीत नाही. बाईंना मात्र ते वाक्य वीस वर्षांनीही पाठ होतं. त्यांच्या प्रत्येक सहलीत ते असायचं.

निवडुंग

'आमच्या बाबांच्या बुटांत.' वा.

दगडफूल

शेल्टन जॉन्सन यांचं काम बघा, तेही योसेमिटीचेच रेंजर. डेट्रॉइटमध्ये वाढलेले. १८९९, १९०३ आणि १९०४ साली या उद्यानाची राखण आफ्रिकन-अमेरिकन सैनिकांनी केली होती. तो इतिहास पार विसरला गेला होता. जॉन्सन यांनी तो शोधून, त्या सैनिकाचा वेष करून लोकांपुढे आणला. कृष्णवर्णीय मुलं उद्यानांत दिसत नाहीत ही त्यांची खंत. आणि बेटी रीड सॉस्किन तर ८५व्या वर्षी रेंजर झाल्या आणि २०२२ला शंभरी ओलांडून निवृत्त झाल्या.

कोरडा पाऊस

बाईंचं उत्तर आवडलं, विशेषतः भाषण फाडल्याचं. पण आता त्यांची जागा कोण घेणार? २०२५च्या फेब्रुवारीत पार्क सर्व्हिसच्या हजारेक नव्या लोकांना एका फटक्यात काढलं. तेव्हा एल कॅपिटनवर उलटा झेंडा लटकला होता, संकटाची खूण म्हणून. जुनी माणसं निवृत्त आणि नवी घरी.

पायवाट

जागा अजून भरलेली नाही. ठरलेल्या तीन बसपैकी दोन रद्द झाल्या. तिसऱ्या बसबरोबर आम्ही स्वयंसेवकच गेलो. मी बोलले, फार वाईट बोलले. एका मुलीने जांभई दिली.

गोधडी

लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. ती विचारतेय, त्या टोपीचं काय झालं?

पायवाट

टोपी घरी नेली त्यांनी. तशीही ती दुसऱ्या कुणाला देण्यासारखी नव्हती. आतून राळेने चिकट, एका बाजूने दबलेली, कडेला खारीने कुरतडलेली.

कार्यक्रमात ती बाकावर उलटी ठेवली होती. येणारा जो तो त्यात चिठ्ठी टाकत होता. एका मुलाने, आता तो तिथल्याच वाटा दुरुस्त करणाऱ्या पथकात आहे, चिठ्ठीऐवजी शंकू टाकला. सगळे हसले. निघताना बाईंनी चिठ्ठ्या पिशवीत भरल्या, शंकू हातात घेतला, वर बघत दोन-तीन झाडं पालथी घातली आणि बरोबर त्या झाडाखाली ठेवून आल्या.

मिनीव्हॅनवाला

कुठलं झाड?

पायवाट

शुगर पाइन. हातभर लांब शंकू असतो, टोपीत अर्धाच मावला होता.